जनावरांच्या दवाखान्यात फोन उचलणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं तरी चालेल, फक्त नाव घालू नका, असं तुम्ही म्हणालात. म्हणून नुसतं ताई.

तुमचे आभार मानायचे आहेत ते मुख्यतः एका वाक्यासाठी. “आधी पाणी ओता, मग गाडी काढा.” त्या दुपारी दुसऱ्या कुणी फोन उचलला असता तर “लगेच घेऊन या” एवढंच म्हटलं असतं, आणि त्यात काही चुकतंय असं मलाही वाटलं नसतं. आजारी जनावराला दवाखान्यात न्यायचं, यापलीकडे आपल्याला काय सुचतं? पण उष्माघातात सुरुवातीची काही मिनिटंच सगळ्यात मोलाची असतात आणि ती गाडीत बसून वाया जातात, हे तुम्हाला ठाऊक होतं. आमचा कुत्रा बंड्या आज आमच्यात आहे तो त्यामुळे. डॉक्टरांचंही तेच मत आहे. त्यांचे आभार मी समक्ष मानलेत. हे पत्र तुमच्यासाठी.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. बंड्या बॉक्सर जातीचा, वयस्कर, अंगाने भरलेला. उकाडा नुकताच सुरू झाला होता. हवा दमट, वारा पडलेला, त्यात भर दुपारी वीज गेली. तो उन्हात गेला नव्हता, पळाला नव्हता. खोलीत सावलीत पडून होता, शेजारी पाण्याचं भांडं भरलेलं. तरी त्याच्या धापांचा आवाज बदलला. घशातून घरघर यायला लागली, लाळ घट्ट होऊन तिला तार सुटली, आणि उठायला गेला तर मागचे पाय लटपटले.

तुम्ही तीनच गोष्टी विचारल्यात. शुद्धीवर आहे का, हिरड्या कशा दिसतात, आणि तापाची गोळी वगैरे काही दिली आहे का. शुद्धीवर आहे, हिरड्या लालभडक आहेत, गोळी दिलेली नाही, असं मी सांगितलं. “देऊही नका,” तुम्ही म्हणालात. त्यामागचं कारण तुम्ही नंतर समजावलंत. तापात शरीर स्वतःहून आपलं तापमान वर नेतं आणि गोळी ते खाली आणते. उष्माघातात शरीराला आतली उष्णता बाहेरच टाकता येत नसते, तिथे गोळी काय करणार? उलट माणसांच्या कितीतरी गोळ्या कुत्र्यांना बाधतात.

मग पाणी. कुठलं, किती गार, असं मी विचारायला लागले तेव्हा तुम्ही मला मध्येच थांबवलंत. “नळाला येईल ते. बर्फ शोधत बसू नका, कोमट करत बसू नका. त्याच्या अंगापेक्षा गार असलं की झालं.” मानेपासून खाली, पोटाला, मांड्यांच्या आतल्या बाजूला, केसांतून कातडीपर्यंत पोचेल असं ओतायचं. तोंड वर धरायचं, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. स्वतःहून प्यायला तर पिऊ द्यायचं, घशात ओतायचं नाही. आणि ओतताना सतत वारा घालायचा. शेजारच्या काकांनी घाईघाईने ओला टॉवेल आणून त्याच्या अंगावर पांघरला होता. ते ऐकताच तुम्ही फोनवरूनच तो काढायला लावलात. टॉवेल अंगाच्या उष्णतेने लगेच गरम होतो आणि वाफ कोंडून धरतो. अंगाखाली घातला तर हरकत नाही, वर नको. मग काकांनी पुठ्ठा घेतला आणि वारा घालायला लागले. त्यांचेही आभार.

खूप गार पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आतच अडकते, जनावराला धक्का बसतो, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं होतं. अजूनही लोक मला ते सांगतात. तुम्ही मला जे सांगितलंत तेच मी आता त्यांना सांगते: या भीतीपोटी हात आखडता घेणं पाण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. तरुण, धडधाकट कुत्र्याला डोकं वर धरून सरळ गार पाण्यात उभं केलं तरी चालतं. बंड्यासारख्या म्हाताऱ्याला किंवा हृदयाचा त्रास असलेल्याला पाणी ओतणं आणि वारा घालणं बरं. नुसते पंजे ओले करून किंवा कानांना ओला बोळा लावून भागत नाही.

ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी उष्णतेचा त्रास झालेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखान्यात आणण्याआधी ज्यांचं अंग थंड केलं होतं असे कुत्रे त्यात पाचातला साधारण एकच निघाला. हे वाचलं तेव्हा तुमच्या त्या वाक्याचं मोल मला आणखी कळलं. आधी थंड करा याचा अर्थ उशिरा या, असाही कुणी घेऊ नये. इस्रायलमधल्या एका जुन्या अभ्यासात उष्माघाताच्या ५४ कुत्र्यांपैकी निम्मे दगावले होते, आणि दवाखान्यात पोचायला दीड तासाहून जास्त वेळ लागलेल्यांना धोका अधिक होता. तुम्ही आम्हाला दोन्ही साधून दिलंत. पाणी ओतत असतानाच काकांना गाडी तयार ठेवायला सांगितलंत. वाटेत काचा खाली, बंड्या ओलाचिंब, आणि मागे बसून मी बाटलीने पाणी घालतेय.

आम्ही पोचलो तेव्हा तापमान १०३.८ अंश फॅरनहाइट भरलं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ च्या आसपास असतं आणि १०५–१०६ च्या वर गेलं की आतल्या अवयवांना इजा व्हायला लागते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. १०३ च्या जवळ आल्यावर डॉक्टरांनी पाणी थांबवलं, कारण त्यानंतरही शरीर निवत राहतं आणि पारा गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो.

तासाभरात बंड्या उठून बसला, शेपूट हलवायला लागला. आम्हाला वाटलं, झालं, घरी जाऊ. तेव्हा तुम्ही जे केलंत त्यासाठी दुसरे आभार. डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेले होते. तुम्ही येऊन शेजारी बसलात आणि सलाइन संपेपर्यंत समजावत राहिलात की वरून बरा दिसणारा कुत्रा आतून बरा असेलच असं नाही. किडनी, लिव्हर, आतडी, रक्त गोठण्याची यंत्रणा, यांना बसलेला मार एकदोन दिवसांनीही वर येतो. लघवीचा रंग बघा, शौचात रक्त दिसतंय का बघा, कातडीवर लालसर ठिपके उठतात का बघा, आणि काही दिसलं नाही तरी उद्या रक्त तपासायला आणाच. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट कमी निघाल्या. वेळेवर कळलं म्हणून औषधोपचार लगेच सुरू झाले. आता सगळे रिपोर्ट नीट आहेत.

त्यानंतरच्या फेऱ्यांत तुम्ही मला जे शिकवलंत ते कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. पंख्याने आपल्याला बरं वाटतं ते घाम वाळतो म्हणून. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. त्याची सगळी भिस्त धापांवर. जीभ, तोंड आणि नाकातल्या ओल्या अस्तरावरून हवा फिरते, ओल वाफ होऊन उडते आणि रक्त निवतं. हवा आधीच दमट असेल तर ती वाफ उडणार कशी? म्हणून नुसता पारा बघून चालत नाही, दमटपणाही बघायचा. पंखाही कोरड्या अंगावर फारसं काही करत नाही, पोट आणि मांड्या ओल्या करून त्याच्यापुढे बसवलं तर करतो. आणि बॉक्सर, पग, बुलडॉग यांचं नाकच आखूड, श्वासाची वाट अरुंद. त्यांना धापा टाकण्याचेच एवढे कष्ट पडतात की त्या कष्टांनी अंग आणखी तापतं. बंड्या सावलीत पडल्यापडल्या का तापला, याचं उत्तर मला तिथे मिळालं. चपट्या तोंडाचं पिल्लू हौसेने घरी आणणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगायला हवं. ती गोंडस दिसतात, पण उन्हाळा त्यांना फार जड जातो.

उकाड्याचे पहिले दिवस सगळ्यात वाईट, हेही तुम्हीच सांगितलंत. शरीराला नव्या हवेची सवय व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. त्या काळात फिरणं कमी करायचं, खेळ जवळपास बंदच ठेवायचा. बंद गाडीत कुत्रा ठेवू नये हे आता पुष्कळांना कळतं, कळायलाच हवं, कारण काच थोडी उघडी ठेवून काही फरक पडत नाही आणि बाहेर हवा बरी असली तरी आतली अर्ध्या तासात भयंकर तापते. पण रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्याच २०२० च्या अभ्यासात उष्माघाताची सुमारे तीन चतुर्थांश प्रकरणं पळण्या-खेळण्यातून झालेली होती, बंद गाडीतली त्यामानाने थोडी. कुत्रा स्वतः थांबेल असं आपण धरून चालतो. मालक चेंडू टाकतोय तोवर तो धावतच राहतो. थांबवायचं आपण.

रस्त्याचं तर मी रोज बघते. हवेचा पारा २५ अंश सेल्सिअसवर असला तरी उन्हातलं डांबर ५० च्या पुढे जाऊ शकतं, आणि ऊन उतरल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं. हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघायची, टेकवत नसेल तर कुत्र्याचे पाय त्यावर घालायचे नाहीत. आता बंड्या पहाटे फिरतो, संध्याकाळी नुसता मोकळा होण्यापुरता खाली जातो. तोंड घट्ट आवळणारं कापडी मुसकं उकाड्यात अजिबात नको, कारण तोंड उघडलं नाही तर धापच टाकता येत नाही. मुसकं लागतच असेल तर आत जबडा पूर्ण उघडेल असं जाळीचं.

तुमच्याशी बोलत असताना एकजण पॉमेरेनियनला पूर्ण भादरायला घेऊन आले होते. तुम्ही त्यांना ओरडला नाहीत, हसला नाहीत. दुहेरी केसांच्या कुत्र्याचे वरचे केस उन्हाची धग अडवतात, ते काढले तर कातडी उघडी पडते आणि पुन्हा नीट उगवतीलच असं नाही, हे शांतपणे सांगितलंत. मग फणी घेऊन आतली सुटलेली मऊ लव कशी विंचरून काढायची ते स्वतः करून दाखवलंत. तिचा ढीग बघून ते गृहस्थ चकित झाले. माणसाला कमीपणा न वाटू देता शिकवणं सगळ्यांना जमत नाही, ताई. भीतीने अर्धमेली झालेली मी त्या दिवशी फोनवर तुमचं सगळं ऐकू शकले, ते तुमच्या आवाजातल्या त्या शांतपणामुळे.

घरात आम्ही काय काय केलंय तेही सांगते. गादी उचलली, त्याला उघडी फरशी मोकळी करून दिली. पाण्याची भांडी प्रत्येक खोलीत, पसरट, पाणी रोज बदलायचं. त्यात बर्फाचे खडे टाकते. बर्फाने पोट फुगतं ही भीती निराधार आहे, असं तुम्ही सांगितल्यापासून निर्धास्तपणे टाकते. वीज गेली तर लगेच हाताशी असावी म्हणून भरलेली बादली आणि मोठा पुठ्ठा मोरीत कायम ठेवलेला. वजनही उतरतंय, हळूहळू. चरबी उष्णता धरून ठेवते हे कळल्यावर त्याच्या आर्जवी नजरेपुढे टिकून राहणं थोडं सोपं झालंय.

एक विनंती आहे. तुमच्या सुट्टीच्या दिवशी दवाखान्यातला फोन दुसरं कुणी उचलतं. तुम्ही मला विचारलेले तीन प्रश्न आणि दिलेल्या सूचना कागदावर लिहून त्या फोनशेजारी लावता येतील का? मी डॉक्टरांशीही बोलले, त्यांना कल्पना पटली आहे, फक्त मजकूर तुमचाच हवा म्हणाले. मोठ्या अक्षरांत लिहून, प्लॅस्टिकचं आवरण घालून आणण्याचं काम माझ्याकडे. तुम्ही सांगा, मी लिहून घेते. पुढच्या वजनाला बंड्याला घेऊन येईन तेव्हा वही बरोबर आणते.

तुमची आभारी,
बंड्याच्या घरची