१९५५ ते १९८६ : बत्तीस हंगाम वाचवायचे आहेत. हात द्या, जमेल तशी मदतही द्या

सर्व सभासद, हितचिंतक आणि जुन्या दात्यांना सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची नॉर्थ वेस्टर्न फुटबॉल युनियन १९१० साली उभी राहिली आणि १९८६ चा हंगाम संपल्यावर मोडली. बर्नी, कूई, डेव्हनपोर्ट, ईस्ट डेव्हनपोर्ट, लॅट्रोब, पेंग्विन, स्मिथ्टन, अल्व्हरस्टन, विन्यार्ड. टास्मानियाच्या या किनाऱ्यावर आपण राहतो, नोकरी करतो, मुलं वाढवतो. इथल्या प्रत्येक गावाची शनिवारची दुपार या युनियनची होती. पुढे राज्यभराची एकच मोठी लीग आली. १९८७ मध्ये डेव्हनपोर्ट तिकडे गेलं, कूईचा क्लब 'बर्नी हॉक्स' नावाने गेला, उरलेले उत्तरेकडच्या नव्या लीगमध्ये गेले. क्लब बहुतेक जगले. युनियनला मात्र वारस उरला नाही, म्हणून तिचे कागद कुणाच्याच घरचे नाहीत. ते गॅरेजमध्ये आहेत, माळ्यावर आहेत, एखाद्या म्हाताऱ्या खजिनदाराच्या पलंगाखाली आहेत.

१९५५ ते १९८६ च्या तिच्या सामन्यांची नोंद आपल्याला जमवायची आहे. घाई कशासाठी, ते सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या संकेतस्थळावर बर्नीचा पेपर 'अ‍ॅडव्होकेट' १८९० पासून १९५४ पर्यंतच शोधता येतो. त्यापुढचा मायक्रोफिल्मवर आहे, आणि फिल्मला नाव विचारून उत्तर मिळत नाही. रीळ लावून पान पान पाहावं लागतं. म्हणजे ज्या वर्षांचे खेळाडू आज आपल्या शेजारी राहतात, नेमकी तीच वर्षं अंधारात आहेत. डॅरेल बाल्डॉकचंच घ्या. १९६६ मध्ये मेलबर्नच्या सेंट किल्डाला एका गुणाने अजिंक्यपद मिळवून देणारा हा कर्णधार १९६९ मध्ये लॅट्रोबला परतला, आणि लॅट्रोबने १९६९ ते १९७२ सलग चार वेळा युनियन जिंकली. बाल्डॉकबद्दल वाटेल तेवढं सापडतं. त्या चार संघांत बाल्डॉकच्या शेजारी खेळलेल्या बाकीच्यांबद्दल? त्यासाठी रिळंच उलगडायला हवीत.

१९६७ ची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. बर्नीच्या वेस्ट पार्कवर राज्य अजिंक्यपदाचा सामना, विन्यार्ड एका गुणाने पुढे, शेवटचा भोंगा वाजलेला आणि नॉर्थ होबार्टच्या कॉलिन्सची किक बाकी. गोल (सहा गुण) झाला तर हार, बिहाइंड (बाजूच्या खांबांमधून, एक गुण) झाला तर बरोबरी. लोक मैदानात घुसले, गोलचे खांब उपटले, सामना निकालाविना राहिला. ही एक दुपार शंभर जणांनी लिहून ठेवली आहे. त्याच वर्षी विन्यार्ड तिथवर कसं पोचलं, तो हंगाम कुणी ओळीने मांडलेला नाही. आपल्याला तो मांडायचा आहे.

आजवर जे झालं ते थोडं नाही, आणि ते करणाऱ्यांची आठवण ठेवलीच पाहिजे. १९५४ पर्यंतच्या बातम्यांचा यंत्राने वाचलेला मजकूर ओळ-ओळ तपासून ट्रोव्हवर दुरुस्त करणाऱ्या आपल्या निवृत्त शिक्षिका मावशी. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावरही त्यांनी शनिवार चुकवला नाही. पहिला फ्लॅटबेड स्कॅनर स्वखर्चाने आणून देणारं लॅट्रोबचं दांपत्य. दर फेरीला व्हॅन देणारे आणि पेट्रोलचे पैसे कधीही न घेणारे काका. आणि जुन्या लोकरी जर्सींसाठी मांजरपाटाच्या पिशव्या शिवणाऱ्या आपल्या भगिनी. कापड दोनदा गरम पाण्यात धुऊन त्यांनी त्यातली खळ पूर्ण काढली, कारण खळ राहिली तर ती खायला झुरळं आणि कसर येतात. एक पिशवी उघडून पाहा, आतली शिवण बाहेरच्या इतकीच सफाईची आहे. मंडळ या सर्वांचं ऋणी आहे.

मागच्या आवाहनाला मात्र गटावर भराभर अंगठे आले आणि माणसं आली तीन. वाईट वाटलं, ते लपवत नाही. "हे आपलं काम आहे का?" असंही काहींनी विचारलं. गणपतीला हॉल देणारे हेच क्लब, आपली मुलं ज्यांच्या ज्युनियर संघात खेळतात ते हेच क्लब. गावाचा हक्क सांगायचा तर गावाच्या आठवणीचं ओझंही थोडं उचलायला हवं.

काम अवघड नाही, पण चुकतं कुठे ते आधी समजून घ्या. सामने शनिवारचे, म्हणून रिळावर सोमवारचा अंक आधी पाहायचा. पान ग्रेस्केलमध्ये, ४०० डीपीआयला, आणि फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस-पान याच क्रमाने (१९६९-०५-१२-१४), नाहीतर फाइली ओळीने लागत नाहीत. फिल्मवर ३ आणि ८ सारखेच दिसतात, तेव्हा प्रत्येक गुणफलकाचा हिशेब करायचा. १२.१० म्हणजे १२ गोल, १० बिहाइंड. बारा सक बहात्तर, अधिक दहा, बरोबर ८२. छापलेली बेरीज जुळली नाही तर एक तरी आकडा चुकीचा वाचलाय. चार क्वार्टरचे आकडे चढते असतात (३.२, ६.५, ९.८, १२.१०), त्यांची बेरीज करायची नाही; नवीन माणूस हमखास इथे फसतो. गोल करणाऱ्यांच्या नावांपुढचे आकडे मिळवून १२ यायलाच हवेत. आणि डेव्हनपोर्ट वेगळं, मर्सी नदीपलीकडचं ईस्ट डेव्हनपोर्ट वेगळं. एकाच आडनावाचे दोन भाऊ असतील तर आद्याक्षर नसताना अंदाजाने नाव भरू नका, जागा मोकळी ठेवा.

घरात जुने फोटो, निगेटिव्ह, जर्सी असतील तर घाईने काही करू नका. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढला की मागचा थर फाटतो; दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा खालून हळूहळू सरकवा, आणि हलतच नसेल तर अख्खं पान तसंच स्कॅन करायला आणा. निगेटिव्हला व्हिनेगरचा वास येत असेल तर ती लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा. तिची आम्लाची वाफ शेजारच्या फिल्मही नासवते, म्हणून अशा निगेटिव्हचा नंबर आपल्याकडे पहिला. लोकरी जर्सीला कसर लागली असेल तर पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून, तोंड घट्ट बंद करून, फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरतं, लोकरीवर नाही. जर्सीवरचे आकडे चामड्याचे किंवा रंगवलेले असतील तर आधी विचारा. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, अक्षरं समोर उमटतात. मऊ पेन्सिलने कडेला, डावीकडून उजवीकडे नावं.

हवं आहे ते असं : रिळं वाचायला १० जण, महिन्यातून दोन शनिवार, सकाळी १० ते १. ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क (एक मंडळाकडे, एक दुसऱ्या गावात). पॉलिएस्टरची ५०० पाकिटं. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं कृपया आणू नका, ती फोटोला चिकटतात. आम्लरहित १२ खोकी. जुना चालू व्हीसीआर असल्यास उत्तम. पण टेपा घरी लावून पाहू नका, बुरशी असेल तर टेपही जाते आणि व्हीसीआरही. एकूण खर्च १,४०० डॉलर, हातात ५२०. रक्कम मंडळाच्या नेहमीच्या खात्यावर, तपशिलात 'युनियन' लिहून. पावती त्याच आठवड्यात. वस्तू कायमची देत आहात की स्कॅन करून परत हवी, ते चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवा. नाव गटावर किंवा फोनवर कळवा, येत्या शुक्रवारपर्यंत. गाडी नसेल तर तसं सांगा, व्हॅन स्मिथ्टनपासून निघेल.

आपला नम्र,
कार्यवाह