कार्ड गेलं नाही, म्यूट आहे!

संपादक महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि आमच्या शाळेतल्या जुन्या संगणकांवर उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आली. मशीन झकास चालतात. मात्र आवाज आला नाही, की दुरुस्तीवाला ‘साउंड कार्ड गेलं’ म्हणून मोकळा! आमच्याकडे तर त्याने नव्या कार्डाचा भावही सांगून टाकला. कार्ड ठणठणीत होते. मॉनिटर एचडीएमआयने, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या केबलने जोडलेला, त्याला स्पीकरच नाहीत, आणि आवाज निघाला होता तिकडे. सेटिंग्जमध्ये साउंड उघडून आउटपुटला ‘लाइन आउट’, म्हणजे मागच्या स्पीकरची जोडणी निवडली, काम झाले.

दुसऱ्या मशीनने जरा दमवले. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अल्सामिक्सर (alsamixer) हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम चालवला, एफ६ दाबून कार्ड निवडले, तर ‘मास्टर’च्या पट्टीखाली ‘एमएम’, म्हणजे म्यूट. एमची कळ दाबताच तिथे ‘००’ आले आणि स्पीकरमधून कविता सुरू झाली. संगणकाच्या पुढच्या बाजूला हेडफोन खोचलेला राहिला तरी ‘ऑटो-म्यूट’मुळे मागचे स्पीकर गप्प बसतात, तेही पाहावे.

हार्डवेअरचे वर्ग चालवणाऱ्यांनी पोरांना स्क्रू-ड्रायव्हर देण्याआधी एवढे तरी शिकवावे, ही विनंती.

– एक संगणक शिक्षिका, सातारा