बन्यन म्हणजे वाल्या कोळी नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत सतराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक आणि लेखक जॉन बन्यन याच्यावर लेख आला, याचा आम्हांला आनंद झाला. पण 'दारू आणि बाईच्या नादाला लागलेला लोहाराचा पोर पुढे संत झाला' ही त्यातली मांडणी चुकीची आहे. वाल्याचा वाल्मीकी झाल्याची गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली असल्याने ती इथे सहज चिकटते, एवढेच.

धंद्याचे आधी सांगतो. बन्यन लोहार नव्हता. इंग्लंडमधल्या बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावात १६२८ साली जन्मलेला हा माणूस बापासारखाच तांब्यापितळेची भांडी दुरुस्त करणारा, डाग देणारा कारागीर होता. तुरुंगात असताना लिहिलेली त्याची आत्मकथा 'ग्रेस अबाउंडिंग टु द चीफ ऑफ सिनर्स' १६६६ साली छापली गेली. तीत पापे त्याने स्वतःच मोजून दिली आहेत: शिव्याशाप, शपथा, खोटे बोलणे, देवाच्या नावाची विटंबना. दारूबाजीची कबुली कुठे नाही, आणि बायकांबाबतचे आरोप तर तो तिथेच संतापून फेटाळतो. ग्रंथाच्या नावातल्या 'पाप्यांतील मुख्य' या शब्दांनी लेखकाची दिशाभूल झाली असावी. ते शब्द मुळात बायबलमधल्या प्रेषित पौलाचे आहेत (पहिले तीमथ्य १:१५).

मग त्याला एवढे छळले कशाने? रविवारच्या खेळाने. खेळही आपल्या विटीदांडूसारखाच. सकाळी चर्चमध्ये शब्बाथ, म्हणजे रविवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस, मोडण्याविरुद्ध प्रवचन ऐकले, जेवणाबरोबर ते विसरून तो खेळायला गेला. गलीतून विटी एकदा उडवून दुसरा टोला मारणार, इतक्यात मनात वाणी उमटली: पाप सोडून स्वर्गात जातोस, की पापासह नरकात? उशीर झालाच आहे असे ठरवून तो पुन्हा खेळला, ही कबुली आम्हांला जास्त मोलाची वाटते.

पुढे तेही व्यर्थ वाटून त्याने चर्चची घंटा वाजवणे सोडले. नाद सुटेना, म्हणून नुसता बघायला जाई. घंटा तुटून पडली तर? म्हणून तुळईखाली उभा राहू लागला. पण झोक्यात पडलेली घंटा भिंतीवर आपटून उसळली तर? मग मनोऱ्याच्या दारात. घंटा पडलीच तर जाड भिंतीआड सटकता येईल. आणि मनोराच कोसळला तर? शेवटी तो पळाला. नाच सोडायला त्याला पुरे वर्ष लागले. हे बदफैली तरुणाचे चित्र नव्हे. शंकेने पोखरलेल्या मनाचे आहे.

या शंकेमागे सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्व्हिन याचा सिद्धांत आहे. कोण तरणार हे देवाने आधीच निवडले आहे, मग आपण त्यांत आहोत हे कळायचे कसे? बेडफर्डच्या रस्त्यावर तीन-चार गरीब बायका दारात उन्हाला बसून देवाने याच आयुष्यात मनात घडवलेल्या नव्या जन्माविषयी बोलताना त्याने ऐकल्या आणि आपल्याकडे ते नाही हे ओळखले. आपला विश्वास खरा आहे का हे तपासायला एल्स्टो-बेडफर्ड वाटेवरच्या डबक्यांना 'सुका' म्हणून पाहावे, असा मोह झाला. पण डबके सुकले नाही तर आपण बुडालोच, या भीतीने तो थांबला.

सर्वांत भयंकर काळ पुढचा, आणि लेखात तोच नाही. सुमारे वर्षभर 'ख्रिस्ताला विक, विक' हा आवाज जेवताना, लाकूड फोडताना त्याच्या मागे लागला. तो हातांनी, कोपरांनी ढकलल्यासारखे करून नाही म्हणत राही. एका सकाळी अंथरुणातच, थकून, मनात आले: ख्रिस्ताला जायचे तर जाऊ दे. बस, एवढेच. एका जेवणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकणारा बायबलमधला एसाव (इब्री १२:१६-१७) आपणच, असे मानून दोन-अडीच वर्षे तो जळत राहिला. कृती कुठलीच नाही, फक्त एक विचार. तुकोबांची आत्मनिंदा ज्यांनी वाचली आहे त्यांना हे परके वाटू नये. बन्यन विशीत शिरला तेव्हा तुकोबा देहूत हयात होते. आणि १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथे आल्यापासून कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरांतही ही आत्मपरीक्षणाची परंपरा ओळखीची आहे.

लेखात दोन पुस्तकांची सरमिसळही झाली आहे. पाठीवर ओझे घेऊन निघालेला यात्रेकरू हे १६७८ च्या रूपककथेतले पात्र. हरी केशवजींनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणली ती हीच कथा. तिच्यातले प्रसंग लेखकाच्या तरुणपणाचा पुरावा म्हणून देता येत नाहीत.

शेवटी एका शब्दाबद्दल. शेतातून जाताना त्याला सुचलेले, सुटकेच्या वळणावरचे वाक्य लेखात 'तुझे पुण्य स्वर्गात आहे' असे दिले आहे. तिथे मराठी बायबलमधला 'नीतिमत्त्व' हाच शब्द हवा. पुण्य आपण जोडतो, साठवतो. बन्यनला त्या शेतात कळले ते हे की ते नीतिमत्त्व म्हणजे खुद्द ख्रिस्त. आपले मन बरे असले म्हणून ते वाढत नाही, वाईट झाले म्हणून घटत नाही. बाकी काही नाही तरी हा शब्द पुढच्या अंकात दुरुस्त करावा, ही विनंती.

— ख्रिस्ती व संतसाहित्याचे काही वाचक, कोल्हापूर