कॉम्प्रेसरचे पाणी गटारात नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतून चालत गेल्यास काही शेडच्या मागच्या भिंतीतून बाहेर आलेली कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा दाबून साठवणाऱ्या यंत्राची, बारीक नळी दिसते आणि ठरावीक वेळाने तिच्यातून फुस्सकन हवेबरोबर ताकासारखे पांढुरके पाणी थेट पावसाळी गटारात पडते. विचारावे तर ‘हवेतलंच पाणी आहे हो’ असे उत्तर मिळते. देखभाल विभागात आयुष्य काढलेला मीही सुरुवातीची काही वर्षे हेच उत्तर देत असे.

ते अर्धेच खरे आहे. मिनिटाला दहा घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर दमट दिवसांत आठ तासांच्या पाळीत शंभर लिटरच्या आसपास पाणी गाळतो, आणि त्यातल्या हवा दाबणाऱ्या स्क्रूला लागणाऱ्या तेलाचा अंश, पाइपांचा गंज व हवेतली धूळ हे सारे त्यात उतरते. मी एकदा हे पाणी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवले होते. आठवड्याने वर तेलाचा पातळ तवंग आला, पण खालचे पाणी दुधाळ ते दुधाळच राहिले. तेलाचे कण इतके बारीक मिसळलेले असतात की साध्या टाकीत तेल वर येईल या भरवशावर राहता येत नाही.

नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंत आणि सार्वजनिक मलवाहिनीत २० मिलिग्रॅमपर्यंत चालते. कॉम्प्रेसरच्या पाण्यात ते शंभराच्या पुढे सहज जाते. त्यात नळाचे पाणी मिसळून आकडा खाली आणणे ही पळवाट झाली, प्रक्रिया नव्हे. इंद्रायणीवरच्या फेसाचा दोष मी या पाण्यावर टाकत नाही. पण ही गटारे अखेर नदीलाच मिळतात.

उपाय अवघड नाही. रिसीव्हर (दाबलेल्या हवेची टाकी), ड्रायर (हवा सुकवणारे यंत्र) आणि फिल्टर यांचे निचरे एका नळीने तेल-पाणी विभाजकात आणावेत, त्यातील तेल शोषणारा कार्बन वेळेवर बदलावा आणि बाहेर पडणारे पाणी किती गढूळ आहे ते विभाजकासोबत मिळणाऱ्या नमुना-बाटलीशी ताडून पाहावे. टायमरवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हऐवजी पाणी साचल्यावरच उघडणारा व्हॉल्व्ह बसवल्यास हवा वाया जात नाही, आणि जोराच्या फवाऱ्याने तेल-पाणी घुसळलेही जात नाही. मात्र गोळा झालेले तेल आणि तेलाने भरलेला कार्बन भंगारवाल्याला देऊ नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार तो घातक कचरा आहे. तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि अधिकृत प्रक्रियादाराकडेच पाठवावा लागतो.

खरी अडचण दोन-तीन कॉम्प्रेसरच्या छोट्या युनिटची आहे. दोन कॅन तेलकट पाण्यासाठी कोणी गाडी पाठवत नाही. म्हणून एमआयडीसी आणि उद्योजक संघटनांनी मिळून महिन्यातून एकदा गल्लोगल्ली फिरणारी संकलन गाडी सुरू करावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी तपासणीला आल्यावर कॉम्प्रेसर रूमच्या मागची ती नळी कुठे जाते, एवढे तरी वाकून पाहावे.

– एक निवृत्त देखभाल अभियंता, भोसरी