तो शब्द कुणी वापरावा?

संपादक महोदय,

हिणवण्यासाठी वापरलेला शब्दच नाव म्हणून मिरवण्यात कसला अभिमान, असे अनेक जण विचारतात. १९०६ मध्ये लंडनच्या ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांना ‘सफ्रज’ म्हणजे मताधिकार या शब्दाला क्षुल्लकपणा दाखवणारे शेपूट जोडून ‘सफ्रजेट’ म्हणून हिणवले. त्यांनी १९१२ मध्ये आपल्या साप्ताहिकालाच ते नाव दिले. १९९० मध्ये न्यूयॉर्कमधील समलिंगी कार्यकर्त्यांनी ‘क्वीअर नेशन’ ही संघटना स्थापून ‘क्वीअर’ (म्हणजे ‘विचित्र’) या समलिंगींना दिल्या जाणाऱ्या शिवीचे तेच केले. टोमणा मारणाऱ्याच्या हातातले हत्यारच काढून घेतले! पण हा हक्क ज्यांनी तो शब्द सोसला त्यांचाच. ‘आता तुम्हीच म्हणता ना’ म्हणत बाहेरच्यांनी तो सर्रास वापरावा, याचा मला संताप येतो. आणि त्याच समाजातल्या ज्या ज्येष्ठांनी त्या शब्दासोबत मारही खाल्ला, त्यांना तो आजही नको असेल, तर त्यांच्यावर लादू नये.

– एक वाचक