डिस्चार्ज कार्डावर चार ओळी वाढवा : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

न्यूरोसर्जरी वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. मेंदूच्या, मणक्याच्या ऑपरेशननंतर कधीकधी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी गळतं, त्याबद्दल लिहितेय.

मोठ्या माणसात हे पाणी साधारण 150 मिली असतं आणि रोज सुमारे 500 मिली नव्याने तयार होतं. त्यामुळे वरच्या आवरणाला, म्हणजे ड्युराला, बारीकशी फट राहिली तरी गळती लागू शकते. त्याच वाटेने जंतू आत गेले की मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांना सूज.

ऑपरेशनच्या टेबलावरचा बंदोबस्त सर्जनना ठाऊक असतो. टाके घट्ट घालायचे, कमी पडलं तर रुग्णाच्याच मांडीतला पापुद्रा लावायचा, वरून फायब्रिन ग्लू, म्हणजे फट बंद करणारा वैद्यकीय गोंद. पापुद्रा फुकट, ग्लू महाग. साठा संपला की चिठ्ठी नातेवाइकांच्या हातात, आणि यंत्रमागावरचा माणूस मेडिकल दुकानं पालथी घालत फिरतो. ग्लू साठ्यात ठेवा, एवढंच त्यावर म्हणते.

खरं दुखणं वॉर्डाच्या दाराबाहेर आहे. पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ नाकातून काढलेली एक बाई घरी गेली. भाकरी थापायला वाकली की परातीत टपटप स्वच्छ पाणी, तेही एकाच नाकपुडीतून. गावात सर्दीच्या गोळ्या मिळाल्या. आमच्याकडे परत आली ती तापाने फणफणलेली, मान ताठ. तिच्या कार्डावर ऑपरेशनचं नाव, औषधं, सगळं इंग्रजीत होतं. नाक गळलं तर काय करायचं, याबद्दल अक्षर नव्हतं.

कार्डावर ठळक छापा : नाकातून किंवा टाक्यांतून पाणी आलं, किंवा उठून बसल्यावर डोकं ठणकून आडवं झाल्यावर उतरलं, तर त्याच दिवशी परत या. नाक जोरात शिंकरू नका. शौचाला कुंथू नका (आणि त्यासाठी पोट साफ राहायचं औषध सोबत द्या, नुसता उपदेश नको). जड उचलू नका. हे मराठीत, कन्नडमध्ये आणि तेलुगूत हवं. अक्कलकोटकडची कानडी माणसं आणि आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगू विणकर मंत्रालयातून दिसत नसतील, पण खाटांवर तीच असतात.

आरोग्य खात्याशी बोलून करमाळा, सांगोल्यासारख्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयांनाही कळवा की अशा रुग्णाच्या नाकात बोळा कोंबू नका, सरळ सोलापूरला पाठवा. आणि कार्डावर वॉर्डाचा फोन नंबर छापाल, तर तो रात्री उचलायला माणूसही नेमा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर