नांदेडच्या सरदारजी दादांना, बाबांच्या वतीनं

दादा,

सत श्री अकाल आणि नमस्कार.

बाबा गेल्या आठवड्यात साताऱ्याला सुखरूप पोचले. पोचल्याचा फोन केला आणि तब्येतीचं सांगायच्या आधी विचारलं, "सरदारजींना कळवलंस का?" कळवलं होतंच. पण बाबांना तुम्ही एका शिपायाच्या समाधीपर्यंत नेलंत, त्याचे आभार फोनवर मानता येत नाहीत. मी सुरुवात केली की तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणता आणि ट्रकच्या गप्पा काढता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमच्या आधी ज्यांनी आम्हाला नुसतं झुलवत ठेवलं, तेही या चारचौघांत आहेत. त्यांनीही वाचावं.

बाबा कॅनडाला आले ते लेकीकडे, हे खरं. पण कपड्यांच्या घडीखाली रेजिमेंटची टोपी आणि रुमालात बांधलेली पदकं आणली होती, ती एका माणसासाठी. नायगारा त्यांनी पाहिला, छान आहे म्हणाले, आणि परतीच्या वाटेवर गाडीतच विचारलं, "किचनर इथून किती लांब?"

ऑन्टॅरिओ प्रांतातल्या किचनर गावी, माउंट होप दफनभूमीत, बुकम सिंग या शिपायाची समाधी आहे. तुम्हाला मी हे सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ते नाव ठाऊक नसेल. पंजाबातल्या माहिलपूरचा हा पोरगा, जन्म १८९३चा. १९०७ साली, मिसरूड फुटायच्या वयात, ब्रिटिश कोलंबियात आला. त्याच वर्षी त्या प्रांतानं हिंदुस्थानी माणसांचा मतदानाचा हक्क काढून घेतला. तो परत मिळायला १९४७ साल उजाडावं लागलं. पुढच्या वर्षी, १९०८ला, सरकारनं नियम काढला की वाटेत कुठेही प्रवास न मोडता थेट मायदेशातून आलेल्यालाच इथे उतरू द्यायचं. हिंदुस्थानातून अशी थेट बोट मिळणंच मुश्कील होतं. नियम तेवढ्यासाठीच होता. बुकम सिंगचं लग्न लहानपणीच झालेलं. बायको, प्रीतम कौर, तिकडेच राहिली.

१९१४च्या उन्हाळ्यात कोमागाटा मारू नावाची बोट ३७६ हिंदुस्थानी माणसं घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात आली. दोन महिने ती माणसं किनारा डोळ्यांनी बघत बोटीवर अडकून पडली आणि मोजकी वगळता सगळ्यांना परत पिटाळलं. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं, तेव्हा १९१५च्या वसंतात बुकम सिंग ऑन्टॅरिओत भरती झाला. त्याच देशाच्या फौजेत. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या फौजेतून लढलेले शीख हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यातला हा एक.

का गेला असेल? बाबांना हा प्रश्न पडत नाही. ते म्हणतात, "शिपाई होता, गेला." मला मात्र पडतो, आणि त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

विसाव्या कॅनेडियन बटालियनबरोबर तो बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या खंदकांत होता. १९१६च्या जूनमध्ये डोक्याला छर्रे लागले. बरा होऊन परत आघाडीवर गेला, तर जुलैमध्ये पायात गोळी. अकरा नोव्हेंबरला इथे सगळे युद्धात पडलेल्यांच्या आठवणीत छातीवर पॉपीचं लाल फूल लावतात, ते ज्यांच्या कवितेमुळे रूढ झालं ते डॉक्टर जॉन मॅक्रे ज्या लष्करी इस्पितळात होते, तिथे त्याच्यावर उपचार झाले. मॅक्रे मूळचे ग्वेल्फचे, म्हणजे किचनरच्या शेजारचेच. पुढे इंग्लंडमध्ये बुकम सिंगला क्षयानं गाठलं. परत पाठवलं ते किचनरच्या इस्पितळात. १९१६पर्यंत या गावाचं नाव बर्लिन होतं, युद्धामुळे बदललं. तिथे २७ ऑगस्ट १९१९ला तो गेला. वय पंचविशीचं. मग जवळजवळ नव्वद वर्षं कुणालाच त्याची आठवण राहिली नाही, ती इंग्लंडमधल्या एका गहाणवटीच्या दुकानात संदीप सिंग ब्रार या अभ्यासकाला त्याचं विजय-पदक सापडेपर्यंत. त्यांनी त्या नावाचा माग काढला म्हणून आज ही समाधी माहीत आहे.

बाबांना तिथे का जायचं होतं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. म्हणून आज सांगते. बाबांचे चुलत आजोबा मराठा पलटणीतून 'बसऱ्याला', म्हणजे आताच्या इराकमधल्या आघाडीवर, गेले. घरात त्या सगळ्या मुलखाला बसराच म्हणतात. ते पुणे डिव्हिजनमध्ये होते, तिथल्याच कूत गावाला तुर्की फौजेनं घातलेल्या वेढ्यात अडकले. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. अन्न संपलं, घोडी कापून खाल्ली, शेवटी शरण जावं लागलं. ते परत आले नाहीत. थडगं नाही, आणि बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली तशी साध्या हिंदी शिपायांची कोरली नाहीत. पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा घातला. २०२१ साली, युद्धात पडलेल्या सैनिकांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्हज कमिशननं स्वतःच्याच अहवालात हा भेदभाव झाल्याचं मान्य करून माफी मागितली. मी बातमी वाचून दाखवली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "मग आता नाव घालतील का?"

तर बाबांना त्या युद्धातल्या आपल्याकडच्या एका तरी शिपायाचं दगडावर कोरलेलं नाव बघायचं होतं. गाव कुठलं, पलटण कुठली, याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं.

आता झुलवणाऱ्यांबद्दल. आमच्याच एका मंडळानं "काकांना आपण मानानं नेऊ, गाडी आपली" असं भर कार्यक्रमात माईकवरून सांगितलं. टाळ्या झाल्या, बाबांबरोबर फोटो काढले. त्यानंतर प्रत्येक फोनला "बघू, या शनिवारी थोडं कठीण आहे." बाबा दर शुक्रवारी रात्री टोपी झटकून ठेवायचे, दादा. दर शुक्रवारी. माझी सुट्टी आणि त्यांचा दवाखाना यांचा मेळ बसेना. लांबच्या गाडीप्रवासात गुडघा धरला तर उतरवायला-बसवायला कुणीतरी हाताशी हवं होतं. एका ओळखीच्या गृहस्थांनी तर त्यांच्या तोंडावर सांगितलं, "कुणाच्या थडग्याला काय बघायचं, त्यापेक्षा मॉल दाखवतो." बाबा हसले. त्यांचं ते हसणं मी ओळखते. त्या माणसाला मी पुन्हा घरी बोलावलेलं नाही आणि बोलावणारही नाही.

आणि मग किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, पोह्यांची पिशवी डिकीत ठेवताना, पगडी बांधलेल्या एका माणसानं मागून चक्क मराठीत विचारलं, "काका, साताऱ्याकडचे काय तुम्ही? मी नांदेडचा." बाबांचा चेहरा तुम्ही पाहिलात. हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचं नाव निघालं, गोदावरीचं निघालं, दोन मिनिटांत तुम्ही एकमेकांची गावं काढलीत आणि बोलता बोलता बाबांनी किचनरचंही सांगून टाकलं. तुम्ही "बघू" म्हणाला नाहीत. "रविवारी सकाळी येतो" म्हणालात. आणि आलात. आदल्या रात्रभर ट्रक चालवून पहाटे घरी पोचला होतात, हे मला नंतर तुमच्या घरून कळलं. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

पण गाडी आणली, सुट्टीचा दिवस दिला, डिझेलचे पैसे घेतले नाहीत, एवढ्यासाठी मी हे पत्र लिहिलं नसतं. ते उपकार मोठे आहेत, पण तसे करणारी माणसं अजून भेटतात. मला लिहायचंय ते टॉवेलबद्दल.

समाधीपाशी पोचलो तेव्हा दगडावर ओली पानं चिकटली होती, अक्षरांच्या खाचांत माती बसली होती. बाबा पुढे झाले, वाकायला गेले आणि गुडघ्यानं नाही म्हटलं. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जिथेतिथे एकच ऐकायला मिळतं: राहू द्या. पिशवी राहू द्या, जिना राहू द्या, तुम्ही बसा, आम्ही करतो. मायेनंच म्हणतात सगळे, पण दर वेळी ते थोडे आणखी म्हातारे होतात. मला वाटलं, आता इथेही तेच होणार. तुम्ही तरणेताठे, दोन हात मारले असते की दगड लख्ख.

तुम्ही गाडीतून तुमचा टॉवेल आणला. बाटलीतलं पाणी त्यावर ओतलंत, पिळलात, त्याची चौकोनी घडी केलीत आणि बाबांच्या हातात दिलीत. तोंडातून शब्द नाही. मग त्यांच्या मागे उभं राहून एका हातानं त्यांच्या कमरेचा पट्टा धरलात, दुसरा हात काखेखाली घातलात आणि त्यांना सावकाश खाली नेलंत. सगळा भार तुमच्या अंगावर. बाबांनी एकेक अक्षर पुसलं. टॉवेलच्या टोकाला बोटाची पेर घालून खाचांतली माती काढली. बराच वेळ लागला. तुमचा दंड थरथरायला लागलेला मला दिसत होता, पण "झालं का काका" असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. बाबांनी मान वर केली तेव्हाच त्यांना उठवलंत, टोपी नीट करायला वेळ दिलात आणि अर्धं पाऊल मागे सरकलात. बाबांनी सॅल्यूट ठोकला. इतका ताठ सॅल्यूट त्यांच्या निवृत्तीनंतर मी पाहिला नव्हता.

हे तुम्हाला कुणी शिकवलं, दादा? मी किती विचार केला. माणसाला मदत करायची, पण त्याचं काम त्याच्या हातून काढून घ्यायचं नाही, ही समज कुठून येते? शिकलेल्या, पदांवर बसलेल्या, माईक हातात असलेल्या माणसांकडे मी ती फार कमी पाहिली. आपण जिथे राहतो तिथे सगळे घाईत आहेत, मान्य. पण भल्या माणसाला वेळ मिळतो म्हणून तो भला नसतो, हे रात्रभर ट्रक चालवून आलेल्या माणसानं मला दाखवलं. बुकम सिंगच्या अखेरच्या दिवसांत त्या इस्पितळात त्याच्या उशाशी असं कुणी असेल का, कूतमध्ये बाबांच्या त्या चुलत आजोबांना कुणी हात दिला असेल का, हा विचार परतीच्या वाटेवर माझ्या मनातून जाईना. असावं कुणीतरी. तुम्हाला पाहिल्यावर ते शक्य वाटतं.

बाबांनी परत येताना गाडीत तुम्हाला सगळं सांगितलं असेल असं मला वाटलं होतं, पण तुम्ही दोघं हजूर साहिबच्या होळ्याच्या सणाबद्दल आणि साताऱ्यातल्या पावसाबद्दलच बोलत होतात. घरी आल्यावर त्यांनी पदकं पुन्हा रुमालात बांधली आणि त्या रात्री शांत झोपले. आता गावात पारावर तुमचीच गोष्ट चालू आहे. माझ्या आत्याचं म्हणणं, बाबांच्या सांगण्यात तुम्ही दिवसेंदिवस उंच होत चाललाय.

तुमचा टॉवेल आमच्याकडेच राहिला आहे. धुऊन ठेवला होता, पण बाबा तो साताऱ्याला घेऊन गेले आणि परत मिळेल असं काही दिसत नाही. त्याच्या बदल्यात नवा पाठवते, रागावू नका. होळ्याला नांदेडला जाणार म्हणालात ना? मुंबईला उतरलात की साताऱ्यावरून जा. वाट वाकडी होते, हे बाबांनाही ठाऊक आहे. वहिनींना आणि मुलांनाही न्या. तारीख ठरली की आधी मला सांगा, कारण बाबांना कळलं तर ते त्या दिवसापासून कंदी पेढे आणून ठेवायला लागतील आणि तुम्ही पोचेपर्यंत ते शिळे होतील.

तुमची,
ताई